पावसाळ्यांत कांद्याचें बीं कोरडें कसें राखावें

राहूच्या बाजूस, भीमा व मुळा-मुठा यांच्या खोऱ्यांत, ऊस व कांदा हीं दोन्ही पिकें शेतकऱ्यांच्या नित्य परिचयाचीं आहेत. कांद्याचे गोंडे उन्हाळ्यांत खुडले जातात आणि रब्बीचें रोप टाकण्याची वेळ येते ती पावसाळा सरल्यावर. मधले महिने बीं घरांत असतें, व नेमके तेच महिने दमट हवेचे. कांद्याचें बीं मुळांतच अल्पायुषी. त्यानें ओल धरली कीं उगवणशक्ति झपाट्यानें घटते, आणि हें वाफा रिकामा दिसेपर्यंत कळत नाहीं.

पावसाळ्यांत उघडी राहिलेली गुळाची ढेप पाझरूं लागते, हें गुऱ्हाळवाल्यांस सांगावयास नको. तेथें हवेंतील पाणी गुळांत मुरतें व गूळ विरघळतो. सिलिका जेलच्या खड्यांची गोष्ट निराळी. वाळूंतील मुख्य द्रव्यापासूनच केलेला हा पदार्थ इतका सच्छिद्र असतो कीं, त्याच्या एका ग्रॅमांतील छिद्रांच्या भिंतींचें क्षेत्र सहा-सात गुंठे भरावें. हवेंतील वाफ या भिंतींस चिकटून बसते. खडा मात्र कोरडाच राहतो. या क्रियेस अधिशोषण म्हणतात. सन १९१९ मध्यें अमेरिकेंतील वॉल्टर पॅट्रिक यांनीं हा पदार्थ तयार करण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. मोठ्या कोठारांत याचाच पातळ लेप पन्हळी चाकास देतात. फिरत्या चाकाचा एक भाग दमट हवा सुकवितो, तर दुसऱ्या भागांतून ऊन हवा सोडून धरलेली ओल बाहेर घालवितात.

यांतून शेतकऱ्यानें घ्यावयाचा धडा असा कीं, छिद्रें भरलीं म्हणजे खड्यांचें काम संपलें. उघड्या पोत्यांत टाकलेली पुडी साऱ्या घराची हवा शोषीत बसते. बियाचें रक्षण तिच्यानें होत नाहीं. म्हणून आधीं डबा हवाबंद हवा, मग खडे.

बीं प्रथम सौम्य उन्हांत चांगलें वाळवावें. साध्या पिशवींतील बियाण्यांत ओलावा ८ टक्क्यांपेक्षां व हवाबंद डब्यांतील बियाण्यांत ६ टक्क्यांपेक्षां अधिक नसावा, असें प्रमाणित बियाण्याचें मान आहे. ओलावा एका टक्क्यानें उतरला कीं बियाचें आयुष्य सुमारें दुप्पट होतें, हा बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा ठोकताळा प्रसिद्धच आहे. उरलेली ओल काढण्यासाठीं बियाच्या वजनाइतके खडे कापडी पिशवींत भरून डब्यांत ठेवावे. नारिंगी खडे हिरवट झाले म्हणजे ते भरले असें समजावें, आणि १२० अंश सेल्सिअस उष्णतेवर दोन-तीन तास तापवून, थंड होतांच पुन्हां वापरावे. निळ्या खड्यांत कोबाल्टचा विषारी क्षार असतो, ते टाळावे.

भाद्रपदांत शंभर दाणे ओल्या फडक्यांत घालून बारा दिवस पाहावे. सत्तरांहून कमी उगवले, तर दुसरें बीं मिळविण्यास अद्याप अवधि असतो; वाफे तयार झाल्यावर तो राहत नाहीं.