रेल्वे इंजिनात बाई

मुलगी दहावीनंतर डिप्लोमाला जाते म्हणाली की आपल्या वस्तीतले जाणते बापही दचकतात. डी.एड. चालते, नर्सिंग चालते. मशीनला हात लावणे मात्र पोराचे काम! अशा बापांना आम्ही साताऱ्याच्या सुरेखा यादव यांची हकिगत सांगतो.

शेतकऱ्याची ही लेक कऱ्हाडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा घेऊन 1989 साली मध्य रेल्वेत सहाय्यक चालक झाली. आधी मालगाड्या, मग मुंबईच्या लोकल, मग घाट. घाटात गाडीला मागूनही इंजिने लावतात. ब्रेकचा अंदाज चुकून भागत नाही. त्यात ड्यूटी रात्री-अपरात्री, आणि इंजिनात साधे स्वच्छतागृह नसे. (ही गैरसोय पुरुष चालकांनीही मुकाट सोसली, हे नवलच.) 8 मार्च 2011 रोजी सुरेखाताईंनी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला नेली, 13 मार्च 2023 रोजी सोलापूरहून वंदे भारत. 2025 च्या सप्टेंबरअखेर त्या निवृत्त झाल्या.

आपल्या शहरात उस्मानपुऱ्यात शासकीय तंत्रनिकेतन आहे. मुलगी दहावीला असेल तर जातीचा व उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवावा. निकालानंतर तहसिलात किती रांग लागते, हे आम्हा कारकुनांना पुरते ठाऊक आहे.