पॉलिश मशीन घेताना

चकाकी ही गाडीला वरून लावायची वस्तू आहे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात प्रकार उलटा आहे. पॉलिश करणे म्हणजे लावणे नव्हे, काढणे होय. ओरखड्याच्या आजूबाजूचा रंग कणाकणाने झिजवून पृष्ठभाग एका पातळीत आणला, की प्रकाश न विखुरता परततो आणि डोळ्यांना चकाकी दिसते. म्हणजे प्रत्येक पॉलिशगणिक रंगाची पुंजी थोडी कमी होते. एवढे ध्यानात ठेवले, की कोणते मशीन घ्यावे या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मशीनवर का लिहावे, असे कोणी विचारील. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. फीची सोय व्हावी म्हणून दोन उन्हाळी सुट्ट्या मी शहाद्याच्या एका गॅरेजमध्ये, रंगकाम करणाऱ्या कारागिराच्या हाताखाली काढल्या. माझा थोरला भाऊ धडगावहून प्रवासी जीप चालवतो. गाडी जुनी आणि हप्त्यांवर घेतलेली. पण तिची निगा राखणे हाच त्याचा छंद. चांदसैली घाटातली धूळ कोरड्या फडक्याने पुसून पुसून बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटल्या आहेत. त्यासाठी त्याने थोडे पैसे बाजूला टाकले आणि मशीन निवडण्याचे काम माझ्यावर सोपवले. घरातल्या शिकणाऱ्या माणसाकडून ही अपेक्षा रास्तच म्हटली पाहिजे.

प्रथम रंग समजून घेऊ. आजच्या बहुतेक मोटारींवर रंगाच्या थरावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारणपणे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. उन्हापासून रंगाचे रक्षण हाच थर करतो. जुन्या अ‍ॅम्बॅसडरसारख्या गाड्यांवर मात्र असा वेगळा थर नसे. आपल्या गाडीवर तो आहे की नाही, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. कोपऱ्यात थोडे पॉलिश घासून पाहावे. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर वर पारदर्शक थर नाही असे समजावे. गाडी पांढरी असेल तर फडके काळे घ्यावे.

आता मशीनकडे वळू. त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिला रोटरी. यात पॅड कुंभाराच्या चाकाप्रमाणे एकाच आसाभोवती फिरते, मिनिटाला साधारण ६०० ते ३,००० फेरे. काम झपाट्याने होते, पण एकाच जागी घर्षण होऊन उष्णताही तितकीच वाढते. गॅरेजमध्ये एका बॉनेटची कड जळालेली मी पाहिली आहे. हात अनुभवी होता. मशीन क्षणभर जास्त टेकले, इतकेच. ते बॉनेट पुन्हा रंगवावे लागले आणि त्या कारागिराची आठवड्याची मजुरी गेली.

दुसरा प्रकार ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे दुहेरी गतीचा. भोवरा स्वतःभोवती फिरता फिरता जमिनीवर लहानसा फेरही धरतो, तसेच याचे पॅड चालते. त्यामुळे घर्षण एका जागी साचत नाही. शिवाय यातल्या साध्या मशीनवर जोर जास्त पडला किंवा पॅड कडेवर चढले, तर त्याचे फिरणे थांबते आणि नुसती थरथर उरते. काम मंद होते. परंतु नवख्या हाताची चूक पोटात घालण्याचा गुण यातच आहे.

स्वस्तात भागावे म्हणून काही जण वेल्डिंगच्या ग्राइंडरलाच पॅड बसवतात. हिशेब करून पाहू. १०० मिलिमीटरच्या ग्राइंडरचा वेग मिनिटाला सुमारे ११,००० फेरे. एवढ्याच मापाचे पॅड लावले, तरी त्याची कड ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने रंगावर घासते. १५० मिलिमीटरचे रोटरी पॅड १,५०० फेऱ्यांवर चालवले, तर हाच वेग ताशी ४२ किलोमीटर भरतो. ग्राइंडर लोखंडासाठी आहे, हे यावरून उघड व्हावे.

म्हणून हौशी माणसाने ड्युअल अ‍ॅक्शनच घ्यावे, असे माझे मत झाले. घेताना चार गोष्टी पाहाव्यात. पॅड बसवायची तबकडी १२५ मिलिमीटरची असावी, म्हणजे जीपच्या अरुंद पत्र्यावरही ती फिरते. पॅडचा फेर ८, १५ किंवा २१ मिलिमीटरचा मिळतो; पैकी १५ सर्वांत सोयीचा. वेग कमीजास्त करता यावा. आणि कार्बन, तबकडी हे सुटे भाग शहादा-नंदुरबारपर्यंत मिळतात का, याची आधी चौकशी करावी. विजेचा दाब कमी असेल तर मशीनचा जोर पडतो. लांब आणि बारीक वायर जोडल्यास आणखीच. म्हणून वायर जाड आणि आखूड असावी.

कामाची रीतही सांगितली पाहिजे. गाडी भरपूर पाण्याने धुऊन सावलीत थंड होऊ द्यावी. कडांना मास्किंग टेप लावावी. मऊ फोमचे पॅड आणि बारीक पॉलिश घेऊन वीतभर जागेवर प्रयोग करावा. तेवढ्याने भागले तर कडक कंपाऊंडला हात लावू नये. नख अडकेल इतका खोल ओरखडा असेल, तर तो तसाच राहू द्यावा. तो घालवण्याच्या नादात थरच संपायचा.

सर्वांत मोठी बचत मात्र मशीनबाहेर आहे. धूळ कोरडी न पुसता आधी पाण्याने वाहू दिली, तर नवे ओरखडे फारसे पडत नाहीत आणि मशीन वर्षातून एखाद्या वेळीच बाहेर काढावे लागते. भावाला मी हे आधी सांगितले, मशीनचे नाव नंतर.