अडणारा लॅपटॉप : आधी दप्तर, मग दुरुस्ती

गोव्यातील शाळांत आणि ग्रामपंचायतींच्या कचेऱ्यांत लॅपटॉप संगणक आता नवलाईची वस्तू राहिलेला नाही. विद्यार्थ्यांची गुणपत्रके, घरपट्टीचा हिशेब, ग्रामसभांची इतिवृत्ते असा कितीतरी मोलाचा मजकूर त्यात साठलेला असतो. पाच-सात वर्षांच्या वापरानंतर मात्र हे यंत्र काम चालू असतानाच अडू लागते. पडद्यावरील बाण हलत नाही, कळा दाबल्या तरी अक्षर उमटत नाही.

अशा वेळी बहुधा दोन चुका घडतात. एक तर यंत्र पुनःपुन्हा बंद करून चालू केले जाते, किंवा ते निकामी ठरवून अडगळीत टाकले जाते. वस्तुतः अडणे हे दुखण्याचे लक्षण होय. मूळ दुखणे वेगळे असते आणि पुष्कळदा ते थोडक्या खर्चात बरे होण्यासारखे असते.

पहिले काम : प्रती काढणे

जुन्या लॅपटॉपमध्ये मजकूर साठविणारी हार्ड डिस्क असते. तिच्यातील तबकडी मिनिटाला बहुधा ५४०० फेरे घेते आणि वाचक शीर्ष तिला स्पर्श न करता अगदी जवळून फिरते. तबकडीचा एखादा भाग खराब झाला की डिस्क तोच भाग वाचण्याचा पुनःपुन्हा प्रयत्न करते आणि तोवर सारे यंत्र ताटकळत राहते. म्हणून अडणे ही डिस्क निकामी होण्याची पूर्वसूचनाही असू शकते.

यास्तव अन्य काही करण्यापूर्वी महत्त्वाच्या मजकुराच्या दोन प्रती काढून त्या दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. डिस्क तपासण्याचा प्रोग्रॅम प्रती काढल्यानंतरच चालवावा. कमकुवत डिस्कवर त्याचा मोठा ताण पडतो. यंत्रातून टकटक असा आवाज येत असेल, तर ते तत्काळ बंद करून जाणकाराकडे न्यावे.

अडण्याची वेळ टिपून ठेवावी

यंत्र अडल्यावर डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर काही मिनिटे थांबावे. काम आतल्या आत चालू असण्याचा संभव असतो. अन्यथा चालू-बंद करण्याची कळ सुमारे दहा सेकंद दाबून धरावी. त्यानंतर दिनांक, वेळ, कोणते काम चालू होते आणि यंत्र किती तापले होते, हे वहीत लिहावे. चार-पाच नोंदी झाल्या की कारणाचा माग लागू लागतो.

*अर्ध्या-पाऊण तासाने अडत असल्यास* उष्णतेचा संशय घ्यावा. जांभ्या मातीची तांबडी धूळ पंख्यात आणि झरोक्यांत साचते. आतील उष्णता बाहेर पडली नाही म्हणजे प्रोसेसर स्वतःला जपण्यासाठी आपला वेग कमी करतो आणि तापमान शंभर अंश सेल्सियसच्या आसपास गेल्यास यंत्र बंदही पडते. लॅपटॉप गादीवर किंवा कापडावर न ठेवता टणक, सपाट मेजावर ठेवावा. पंखा साफ करून प्रोसेसरवरील वाळलेला उष्णतावाहक लेप बदलून घ्यावा.

*अनेक कामे एकदम उघडल्यावर अडत असल्यास* मेमरी अपुरी असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या असता टास्क मॅनेजर उघडतो. त्यात मेमरीचा आकडा सतत ९० टक्क्यांच्या वर दिसल्यास अनावश्यक प्रोग्रॅम बंद करावेत. यंत्रात सोय असल्यास ४ जीबी मेमरी ८ जीबीपर्यंत वाढवावी.

*काहीच काम नसताना अडत असल्यास* तेथेच डिस्कचा आकडा पाहावा. यंत्र सुरू झाल्यावर तो काही काळ १०० टक्के असणे स्वाभाविक आहे. पण तो तासन्‌तास तसाच राहिला, तर डिस्क थकली किंवा काठोकाठ भरली असे समजावे. डिस्कचा किमान दहावा हिस्सा मोकळा असावा.

*कोणताच क्रम लागत नसल्यास* मेमरीची पट्टी सैल किंवा सदोष असू शकते. पावसाळ्यातील दमट हवेने तिच्या जोडांवर गंजही चढतो. कारागिराकडून ती काढून, पुसून पुन्हा बसवून घ्यावी.

बॅटरी फुगून तळ किंवा कळफलक वर उचलला गेला असल्यास मात्र यंत्राचा वापर त्वरित थांबवावा. फुगलेली बॅटरी दाबू अथवा टोचू नये. ती पेट घेऊ शकते.

दुरुस्ती की निरोप?

थकलेल्या हार्ड डिस्कच्या जागी फिरते भाग नसलेली एसएसडी बसविल्यास जुन्या यंत्राच्या वेगात सर्वांत मोठा फरक पडतो. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे गुण कशाने आला हे कळते. शासकीय यंत्र उघडण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्यांची अनुमती घ्यावी.

विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशा यंत्रांवर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती बसविता येते. तीत मराठी टंकलेखनाची सोय आहे. केरळमधील शासकीय शाळांत लिनक्सचा वापर अनेक वर्षांपासून होत आला आहे.

दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या उपयोगापेक्षा जड वाटू लागला, तरच त्याला निरोप द्यावा. तत्पूर्वी त्यातील मजकूर पूर्णपणे पुसून टाकावा. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांस अनुसरून ते नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे पोहोचेल अशी व्यवस्था करावी. भंगारवाल्यास देऊ नये.

यंत्र आज ना उद्या बदलता येते. गावाच्या नोंदी आणि मुलांचे गुण एकदा गेले, तर ते बाजारात विकत मिळत नाहीत. म्हणून ज्या कचेरीतील लॅपटॉप अजून अडू लागलेला नाही, तेथेही प्रती काढण्याचे काम आजच हाती घेणे हितावह ठरेल.