फॉल्स्टाफला हाकलले, पण जोपासले कोणी?

शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ या दोन भागांतील नाटकात राजपुत्र हॅल आणि सर जॉन फॉल्स्टाफ यांची मैत्री रंगविली आहे. राज्याभिषेक होताच हॅल या लठ्ठ, बढाईखोर, वृद्ध सोबत्याला ओळख देण्याचेही नाकारतो. हे क्रौर्य की राजधर्म, हा समीक्षकांचा जुना वाद आहे. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने त्यात का पडावे? कारण या मैत्रीत हिशेब पुष्कळ आहे.

झोपलेल्या फॉल्स्टाफच्या खिशात मद्यालयाचे बिल सापडते. दोन गॅलन मद्य पाच शिलिंग आठ पेन्स. पाव अवघ्या अर्ध्या पेनीचा! प्रेक्षक पोट धरून हसतो. अशी मैत्री आपल्यालाही अपरिचित नाही. ‘शाकुंतला’तील माधव्य दुष्यंताचा असाच खादाड सोबती. परंतु त्याला मोदकापलीकडे काही नको असते, अधिकार तर नकोच. परभणी, सेलू, जिंतूर या भागांत जत्रेतला वग पाहिलेल्या वाचकाला राजाची टोपी उडविणारा सोंगाड्याही ठाऊक आहे. वसंत सबनीसांच्या १९६५ च्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये तर सारा खेळ कोतवालाच्या जागेभोवती फिरतो. नेमणुकीच्या रांगेत वर्षे घालविणाऱ्या आमच्या पदवीधरांना त्यातील विनोद निराळा समजावून सांगावा लागत नाही.

फॉल्स्टाफची गोष्ट मात्र मोदकावर थांबत नाही. युद्ध उभे राहते, हॅल त्याला पायदळाची तुकडी मिळवून देतो आणि सैन्यभरतीचा अधिकार या गृहस्थाच्या हाती जातो. ऐपतदारांकडून पैसे घेऊन तो त्यांना सोडतो व दीडशे माणसांच्या जागी तीनशेहून अधिक पौंड खिशात घालतो. दुसऱ्या भागात हाच व्यवहार आपल्या डोळ्यांदेखत घडतो. मोल्डी आणि बुलकाफ पैसे देऊन सुटतात. बायकांचे कपडे शिवणारा गरीब शिंपी फीबल मात्र भरती होतो. (आणि धैर्याची भाषा बोलतो तोच!)

येथे माझा हॅलवर आक्षेप आहे. ही फाटकी तुकडी रस्त्यात त्याच्या दृष्टीस पडते. इतकी दीनवाणी माणसे आपण पाहिली नाहीत, असे तो म्हणतोही. ही तोफेच्या तोंडी देण्यापुरती ठीक आहेत, असे उत्तर फॉल्स्टाफ देतो. आणि राजपुत्र पुढे निघून जातो. चौकशी नाही, जाब नाही. श्रूजबरीच्या लढाईनंतर त्या दीडशेंपैकी तिघेही धड उरत नाहीत. सोबत्यांचा उपयोग आपल्याला किती काळ आहे, हे हॅलने पहिल्याच अंकात स्वगतात सांगून टाकलेले असते. म्हणजे त्याला काही कळत नव्हते, ही सबब चालणार नाही.

पुढे राजा मेल्याची बातमी येताच फॉल्स्टाफ रातोरात लंडनकडे धावतो. आता देशाचे कायदे आपल्या मुठीत, अशी त्याची समजूत असते. त्याला झिडकारणे भागच होते. ज्या सरन्यायाधीशाने पूर्वी हॅललाच तुरुंगात धाडले, त्याला पदावर कायम ठेवणे हे तर या राजाचे सर्वांत शहाणपणाचे कृत्य होय. परंतु हकालपट्टी झाली ती फॉल्स्टाफ राजाला अडचणीचा ठरला तेव्हा. गरिबांना तो केव्हाच अडचणीचा होता.

झिडकारलेल्या मित्राला राजाने निर्वाहवेतन मंजूर केले आहे, सुधारल्यास बढतीचे आश्वासनही दिले आहे. त्या दीडशे घरांसाठी नाटकात एक पेनीही मंजूर होत नाही.