घरात लॅपटॉप आलाय, पण हात लावायची भीती वाटते? साठीच्या पुढच्यांनी सातबारापासून सुरुवात करा

पोरगं पुण्या-मुंबईला नोकरीला लागलं, त्यानं नवीन लॅपटॉप घेतला आणि जुना गावाकडं आणून ठेवला, असं आता बऱ्याच घरांत झालंय. तो लॅपटॉप रुमालाखाली झाकून कपाटावर पडून असतो. घरातल्या थोरल्या माणसाला विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आपल्याला काय कळतंय त्यातलं? काही दाबलं आणि बिघडलं म्हणजे?"

आधी हीच भीती काढू. चुकीचं बटण दाबलं म्हणून कॉम्प्युटर बिघडत नाही. बिघडतो तो चहा सांडल्यानं, हातातून पडल्यानं आणि वीज कमी-जास्त झाल्यानं. लिहिताना काही पुसलं गेलं तर कंट्रोलचं बटण दाबून धरा आणि झेड दाबा, पुसलेलं परत येतं. नको ती चौकट उघडली तर डाव्या कोपऱ्यातलं एस्केप दाबा. खरं नुकसान होतं ते फोनवरच्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून बटणं दाबली की. त्याचं पुढं सांगतो.

मोबाइल असताना हे कशाला, असं कुणी म्हणेल. सातबारा मोबाइलवर वाचून बघा. इतर हक्कांच्या रकान्यातली बारीक अक्षरं चष्मा लावूनही दिसत नाहीत. फॉर्म भरायचा, कागद नीट ठेवायचा, प्रिंट काढायची, तर मोठा पडदाच बरा पडतो.

पहिल्या दिवशी शिकवणारी पोरं कीबोर्डच्या सगळ्या बटणांची नावं सांगत बसतात. तसं करू नका. आधी अक्षर मोठं करा. इंटरनेटचं कुठलंही पान उघडल्यावर कंट्रोल दाबून अधिकचं चिन्ह दाबलं की अक्षर मोठं होतं, वजाचं दाबलं की लहान. विंडोजच्या चार चौकटीवालं बटण आणि अधिक एकत्र दाबलं तर अख्खा पडदा भिंगातून बघितल्यासारखा दिसतो. भिंग बंद करायला तेच चौकटीचं बटण आणि एस्केप.

नंतर माउस. लॅपटॉपच्या पाटीवर बोट फिरवणं शेतात काम केलेल्या राठ बोटांना जमत नाही, त्यात त्या माणसाची काही चूक नाही. साधा वायरवाला माउस आणा. दोनदा टिकटिक करणं जमत नसेल तर एकदाच दाबा आणि मग एंटर मारा, काम तेच होतं. बाण दिसत नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन तो मोठा आणि काळा किंवा पिवळा करता येतो. हे एकदाच करायचं आहे, ते नातवाकडून करून घ्या.

मराठी लिहायचं असेल तर विंडोज 10 आणि 11 मध्ये मराठी फोनेटिक नावाचा कीबोर्ड आहे. इंग्रजी अक्षरांत 'शेत' जसं मोबाइलवर लिहिता तसं लिहिलं की मराठीत उमटतं. इंग्रजी-मराठी बदलायला चौकटीचं बटण आणि स्पेस. पासवर्ड बरोबर टाकूनही चूक दाखवत असेल तर पंधरापैकी दहा वेळा कॅप्स लॉक चालू राहिलेलं असतं किंवा भाषा मराठीवर असते. आधी ते बघा, मग पासवर्डवर शंका घ्या.

आता पहिलं काम. माझं मत आहे की पहिलं काम स्वतःच्या गरजेचं असावं, गेम किंवा गाणी नव्हेत. शेतकऱ्यासाठी ते म्हणजे आपला सातबारा बघणं. महाभूलेखच्या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकला की सातबारा फुकट बघता येतो. तो फक्त माहितीसाठी असतो, बँकेत किंवा कोर्टात चालत नाही. त्यासाठी डिजिटल सातबाराच्या सरकारी संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा उतारा काढायचा. एका उताऱ्याला 15 रुपये लागतात आणि त्यावर वेगळी सही-शिक्का घ्यायला तलाठ्याकडं जावं लागत नाही.

याच महाभूमीवर 'आपली चावडी' नावाचं पान आहे, ते बघायची सवय लावा. गावातल्या फेरफारांच्या नोटिसा तिथं दिसतात. आपल्या गटावर वारसाची, खरेदीची किंवा बोज्याची नोंद कुणी घालत असेल तर ती तिथं कळते, आणि हरकत घ्यायला 15 दिवसांची मुदत असते. पूर्वी नोटीस चावडीच्या भिंतीवर लागायची आणि वाचणारा वाचायचा. आता घरबसल्या वाचता येते, पण न बघणाऱ्याला ती अजूनही दिसत नाहीच. भावकीच्या जमिनीत ज्यांचा वाटा आहे त्यांनी महिन्यातून दोनदा तरी बघावं, मुदत 15 दिवसांचीच आहे.

एक सावधगिरी. गूगलवर 'सातबारा' शोधलं की वर कधी कधी प्रायोजित असं लिहिलेली खासगी दुकानं येतात, ती जास्त पैसे घेतात. पत्त्याच्या पट्टीत बघा, शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असेल तरच सरकारी.

उतारा काढला, पण गेला कुठं? ही तक्रार सगळ्यांची. डाउनलोड केलेली प्रत्येक गोष्ट डाउनलोड्स नावाच्या फोल्डरमध्ये पडते. क्रोममध्ये कंट्रोल आणि जे दाबलं की अलीकडं उतरवलेल्या कागदांची यादी समोर येते. पण तिथंच सोडू नका. नाहीतर वर्षभरात तिथं उसाच्या बिलापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं एकत्र साचतं, धान्याच्या पोत्यात खिळे पडावेत तसं. डेस्कटॉपवर उजवं बटण दाबून 'शेतीची कागदं' नावाचं एक फोल्डर करा. कागद त्यात ओढून टाका, एकदा क्लिक करून एफ-दोन दाबा आणि नाव मराठीत द्या. 'सातबारा गट 112 जून' असं. चार महिन्यांनी बँकेनं मागितला तर दोन मिनिटांत सापडतो. वर्षातून एकदा हे सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून तो पेनड्राइव्ह खरेदीखताच्या ट्रंकेत ठेवा. लॅपटॉप बंद पडला तरी कागद राहतात.

इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून मिळतं, वेगळं कनेक्शन घ्यायची गरज नाही. पण लॅपटॉप जोडला की दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा तासाभरात संपल्याची तक्रार खूप येते. विंडोज मागच्या मागे अपडेट उतरवत असतं म्हणून तसं होतं. वाय-फायच्या सेटिंगमध्ये आपल्या हॉटस्पॉटच्या नावापुढं 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा, मग मोठी अपडेट बहुतेक थांबून राहतात. कायमची बंद करू नका मात्र. पोराकडं पुण्याला गेलात की त्याच्या घरच्या वाय-फायवर करून घ्या.

जुना लॅपटॉप विकत घेणार असाल तर दोन प्रश्न विचारा. त्यात एसएसडी आहे का, आणि विंडोज 11 चालतं का? विंडोज 10 ला मिळणारी नेहमीची सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर कंपनीच्या नियमानं त्यावर विंडोज 11 बसत नाही. दुकानदार "सगळं चालतंय" म्हणेल, तर आपल्यासमोर चालू करून दाखवायला सांगा.

फसवणूक कशी होते

कधी एखादं पान उघडल्यावर पडदा लाल होतो, भोंगा वाजतो आणि लिहिलेलं असतं की कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, ताबडतोब या नंबरवर फोन करा. तो नंबर चोराचा असतो. फोन केला तर गोड बोलून दुसऱ्या जागेवरून आपला पडदा बघता येईल असं ॲप टाकायला लावतात आणि मग बँकेचं खातं उघडायला सांगतात. असं पान आलं तर घाबरू नका. एस्केप थोडा वेळ दाबून धरा, मग ऑल्ट आणि एफ-चार दाबा. तरीही गेलं नाही तर चालू-बंदचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, लॅपटॉप बंद होईल. व्हायरस काढायला पडद्यावर आपणहून नंबर देणारी कुठलीही कंपनी नसते, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

ओटीपी फोनवर कुणालाही सांगायचा नाही, ओळखीच्या आवाजालाही नाही. बाहेर दुकानात व्हॉट्सॲप वेब उघडून कागद पाठवला असेल तर निघताना मोबाइलवर 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन लॉग आउट करा. नाहीतर तुमच्या घरातलं बोलणं दुकानाच्या कॉम्प्युटरवर दिसत राहतं. पैसे गेलेच तर लाजू नका, गावात कुणाला कळेल म्हणून थांबू नका. लगेच 1930 ला फोन करा आणि बँकेला कळवा. पहिल्या तास-दोन तासांत सांगितलं तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते, दोन दिवसांनी ती फार कमी राहते.

पासवर्ड वहीत लिहून वही कपाटात ठेवली तर चालतंय. लॅपटॉपवर चिठ्ठी चिकटवू नका, आणि बँकेचा पिन वहीतही नको.

राहिलं विजेचं. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराला अर्थिंग नाही किंवा तुटलंय, वायरमनला दाखवून घ्या, तोवर तीन पिनच्या प्लगची एक पिन मोडून काम चालवू नका. मोटारीच्या लाइनवर चार्जर लावू नका. डेस्कटॉप कॉम्प्युटर असेल तर यूपीएस हवाच, म्हणजे लाइट गेली तर लिहिलेलं सेव्ह करून नीट बंद करायला दहा मिनिटं मिळतात. आणि मे महिन्यात दुपारनंतर आभाळ भरून आलं, लांब कुठं कडाडायला लागलं, की चार्जर भिंतीतून काढून ठेवायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.