रेक्झिनच्या टपाची निगा

दोन वर्षांपूर्वींची, आषाढांतली गोष्ट. आमच्या काकूंच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदु चिपळुणास काढला होता, व दुसरे दिवशीं त्यांस घेऊन आम्ही गुहागरकडील घरीं परत येत होतों. घराजवळची शेवटची वाट जांभ्या दगडाची आणि चढणीची. तेथें साधी मोटार पोंचत नाहीं, म्हणून घरची जीपच नेली होती. डोळ्यास पाण्याचा थेंबहि लागतां कामा नये, असें डॉक्टरांनीं बजावून सांगितलें होतें. निम्मा रस्ता सरला नाहीं तोंच पाऊस कोसळूं लागला, आणि काकू बसल्या होत्या नेमकें त्याच जागीं टपाच्या शिवणींतून पाणी ठिबकूं लागलें. पहिला थेंब डोळ्यावर बांधलेल्या पट्टीवरच पडला. वहिनींनीं आधीं पदर धरला, मग छत्री उघडली. आणि चालत्या मोटारींत छत्री धरून आमची ही वरात घरीं आली. काकूंचा डोळा सुदैवानें उत्तम राहिला. पण तो एक तास आम्हीं कसा काढला, तें आमचें आम्हांसच ठाऊक.

तो टप अवघा चार वर्षांचा होता. गॅरेजमध्यें ज्याला ‘हूड’ म्हणतात तोच हा टप. कापडावर रेक्झिनचा काळा थर दिलेला, मागें पारदर्शक प्लास्टिकची खिडकी. पाऊस ओसरल्यावर दादांनीं तो उतरवून अंगणांत पसरला, तेव्हां घडीच्या जागीं बारीक चिरा पडलेल्या दिसल्या. कांहीं ठिकाणीं रेक्झीन पांढुरकें व पुठ्ठ्यासारखें कडक झालें होतें. चौकशी करतां उलगडा झाला. आदल्या उन्हाळ्यांत टपावर डांबराचे शिंतोडे उडाले होते. तें पाहून आमच्या पुतण्यानें थिनर आणून ते पुसून काढले, आणि वर चकाकी यावी म्हणून खोबरेल चोळलें. “काका, मीं तर साफच केला होता,” असें तो रडवेला होऊन म्हणाला. त्याचें म्हणणें खरें होतें. इतकेंच नव्हे, तर त्या दिवशीं टपाची ती चकाकी पाहून त्याची पाठ थोपटणारांत आम्हीहि होतों.

या प्रसंगापासून आम्हीं या विषयाचा थोडा पाठपुरावा केला. रेक्झीन म्हणून आपण ज्यास ओळखतों त्याचा वरचा थर पी.व्ही.सी. या प्लास्टिकचा असतो. हा पदार्थ मूळचा कडक व ठिसूळ. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बाउमान यांस १८७२ मध्यें सूर्यप्रकाशांत राहिलेल्या नळ्यांत तो पांढऱ्या भुकटीच्या रूपानें प्रथम आढळला. पण त्याचा कोणास उपयोग सुचेना. पुढें १९२६ मध्यें अमेरिकेंतील गुडरिच कंपनीचे वाल्डो सेमन हे रबर धातूस चिकटविण्याचा उपाय शोधीत असतां, उच्च तापमानास उकळणाऱ्या एका द्रवांत हा पदार्थ तापविला असतां तो रबरासारखा लवचिक होतो, असें त्यांच्या दृष्टीस पडलें. म्हणजे रेक्झिनचा मऊपणा त्याचा स्वतःचा नव्हे. आंत मिसळलेल्या तेलकट द्रव्याचा, ज्यास प्लास्टिसायझर म्हणतात, त्याचा आहे. हें द्रव्य उन्हानें व उष्णतेनें हळूहळू निघून जातें. पेट्रोल, रॉकेल व थिनर तर तें ओढूनच काढतात. तें गेलें कीं टप कडक होतो, आणि कडक टपाची घडी घातली कीं तो चिरतो. जो पदार्थ उन्हांत प्रथम दिसला, त्याचा शेवटहि ऊनच करतें, ही मोठी गमतीची गोष्ट म्हटली पाहिजे.

तेव्हां टप जातो तो मळानें नव्हे, तर मळ काढण्याच्या अविचारी खटपटीनें व उन्हानें. हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे बाकीचें सोपें आहे.

टप धुवावयाचा तो सकाळीं, तो थंड असतांना व सावलींत. सावली म्हणजे फणसाखालची नव्हे; तेथें पांखरांची विष्ठा व झाडाचा चीक यांची नवी भर पडते. प्रथम नुसतें पाणी भरपूर ओतावें. कोंकणांतील तांबडी धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती तशीच घासली तर रेक्झिनवर ओरखडे उठतात. मग बादलीभर पाण्यांत लहान मुलांचा सौम्य शांपू थोडासा घालावा. कपडे धुण्याची पावडर नको, सोडा तर नकोच. रेक्झिनवर चामड्यासारखा जो रवाळ ठसा असतो, त्याच्या खांचांत मळ बसतो आणि तो नुसत्या फडक्यानें निघत नाहीं. त्यासाठीं मऊ केसांचा ब्रश लागतो. काथ्याची किंवा भांड्यांची घासणी जवळहि आणूं नये. टपाचा हात-दीड हात भाग घ्यावा, ब्रश हलक्या हातानें गोल फिरवावा व साबण वाळण्यापूर्वीं धुवून टाकावा. मग पुढचा भाग. मळ राहिला तर जोर न लावतां दुसऱ्यांदा धुवावें. नळीचा जोराचा फवारा शिवणींवर व कडांवर मारूं नये. वाळविण्यास आमच्या घरीं काकूंच्या जुन्या नऊवारी सुती लुगड्याचे तुकडे ठेवलेले आहेत. त्यांहून मऊ फडकें आम्हांस अद्यापि बाजारांत मिळालेलें नाहीं. पांखरांची विष्ठा दिसतांच ओलें फडकें तिच्यावर थोडा वेळ ठेवून उचलून घ्यावी, खरवडूं नये.

मागच्या खिडकीची गोष्ट निराळी. तीस कांच समजून कोरड्या फडक्यानें पुसणारे पुष्कळ, आणि त्यामुळेंच वर्षभरांत तिच्यांतून पलीकडचें माणूस धुक्यांतल्यासारखें दिसूं लागतें. तिच्यावर पाणी सोडून उघडा तळहात फिरवावा. कण उरला असेल तर तो बोटांस लागतो. कांचेसाठीं मिळणारीं अमोनियायुक्त द्रव्यें तिला वापरूं नयेत, तीं तिचा पारदर्शकपणा घालवितात. थंडींत ही खिडकी ताठर होते व मोडून घडी केल्यास तडकते. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्या वाचकांस १९८९ मध्यें निघालेली माझ्दाची एमएक्स-५ ही छोटी मोटार कदाचित् ऐकून माहीत असेल. तिच्याहि मूळच्या रेक्झिनच्या टपास अशीच प्लास्टिकची खिडकी होती, आणि जाणते मालक टप खालीं करण्यापूर्वीं तिची चेन उघडून ती सपाट पसरून ठेवीत.

पावसाळ्याविषयीं मात्र कोंकणांतील माणसांस अधिक सावध राहिलें पाहिजे. ओला टप कधींहि घडी करून ठेवूं नये. दोन दिवसांत आंतून बुरशीचे काळे ठिपके उठतात. खोबरेलाचें तेंच झालें होतें: तेलावर धूळ बसली आणि धुळींत बुरशी रुजली. बुरशी आलीच तर एक वाटी व्हिनेगर व तीन वाट्या पाणी यांच्या मिश्रणानें, आधीं एका आडबाजूच्या कोपऱ्यावर परीक्षा करून, ती हलकेच पुसावी, नंतर साध्या पाण्यानें धुवावें व वाऱ्यावर वाळवावें. ब्लीचिंग पावडरीनें डाग जातील, पण शिवणींचा दोराहि कमजोर होईल, आणि गळती शिवणींतूनच सुरू होते. उघडीप मिळेल तेव्हां टप ताणून वाऱ्यास ठेवणें हा सर्वांत सोपा उपाय.

रक्षणासाठीं बाजारांत जीं द्रव्यें मिळतात त्यांत निवड करावी लागते. टायर चकाकविण्याचीं तेलकट द्रव्यें टपास नकोत. रेक्झिनसाठीं म्हणून असलेलें, पाण्यांत मिसळलेलें व उन्हांतील अतिनील किरण अडविणारें द्रव्य घ्यावें. स्वच्छ, कोरड्या टपावर तें पातळ लावून जास्तीचें पुसून काढावें. उन्हाळ्यांत महिना-दीड महिन्यानें पुन्हां. विक्रेते कांहींहि म्हणोत, गेलेला मऊपणा वरून लावलेल्या कोणत्याहि औषधानें परत येत नाहीं. असलेला टिकतो एवढेंच. गाडी उघड्यावर राहत असेल तर हवा खेळेल असें कापडी आच्छादन बरें. प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधली तर खालीं दमट वाफ कोंडते.

येथें एक घोटाळा टाळला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी जीपचा टप कॅनव्हासचा असे. १९४७ पासून महिंद्र कंपनीनें विलीजच्या ज्या जीपा मुंबईंत जोडण्यास आरंभ केला, त्यांची सवय असलेले वडीलधारे लोक अजून टपास मेण लावण्याचा सल्ला देतात. कॅनव्हासास पाणी अडविण्यासाठीं लेप लागतो. रेक्झिनमधून पाणी मुळांतच जात नाहीं. त्यास मेणाची गरज नाहीं.

आमचा तो जुना टप अर्थात् वांचला नाहीं. दादांनीं कारागिराकडून नवा शिवून आणला, आणि जुन्याचा धड राहिलेला भाग पंपाच्या खोलीच्या खिडकीस लागला. नव्या टपाची निगा पुतण्याकडेच आहे. दर पंधरवड्यास रविवारीं सकाळीं तो बादली घेऊन खळ्यांत उतरतो. काकू ओटीवर बसून देखरेख करतात व कोपरा राहिला तर तेथूनच हांक मारतात. त्यांस आतां तेथून शिवणहि दिसते. खिडकीची चेन अडूं लागली तेव्हां तिच्यावर मेणबत्तीचा तुकडा फिरविण्याची युक्ति मात्र वहिनींची. टपास मेण नको असलें तरी चेनीस तें चांगलें मानवतें.