घरून काम म्हणजे अर्धी सुट्टी? गैरसमज आणि वस्तुस्थिती

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्यात आयटीत नोकरी करणारी यवतमाळ, पुसद, वणीकडची पोरं लॅपटॉप घेऊन गावी आली. पुण्याचं काम इथल्या माडीवरून झालं. तरी इथल्या मालकाच्या मनातले काही समज अजून हलत नाहीत.

‘घरी माणूस काम करत नाही.’
चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये २०१०-११ साली अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी नऊ महिने प्रयोग केला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. मुख्य कारण, मधल्या सुट्ट्या आणि आजारपणाच्या रजा घटल्या. पण प्रयोग संपल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी पुन्हा ऑफिस मागितलं, कारण घरी एकटेपणा खायला उठला. म्हणजे सक्ती नको. जो मागेल त्यालाच घरून काम द्यावं.

‘लॅपटॉप दिला की झालं.’
इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. पावसाळ्यात लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो, राउटर मात्र त्याच क्षणी बंद पडतो. घरात इन्व्हर्टर नसेल तर राउटरपुरता छोटा यूपीएस बसवा. रस्ता खोदताना केबल तुटते, म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिमही हाताशी हवं. हा खर्च मालकाचा, कर्मचाऱ्याचा नव्हे. त्याहून मोठी अडचण कागदांची. एकच एक्सेल फाइल व्हॉट्सअॅपवर चौघांकडे फिरली की चार आवृत्त्या होतात, आणि खरी कोणती यावर निम्मा दिवस जातो. फाइल एकाच ठिकाणी ठेवा, ती कोण बदलणार हे ठरवा आणि तोंडी सांगितलेलं काम लिहून द्या.

‘दिवसभर कॅमेरा चालू ठेवला की झालं.’
खुर्चीत बसलेला माणूस दिसतो, काम दिसत नाही. कर सल्लागाराचं ऑफिस घ्या. मासिक विवरणपत्रांपैकी जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारीख, ३बी ची २०. त्याआधी किती ग्राहकांची बिलं जुळली, किती अडकली आणि का, एवढं रोज संध्याकाळी चार ओळींत आलं की पुरे.

‘आता आयटीवाले कायमचे घरूनच.’
नाही. २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्केच कर्मचारी ऑफिसात लागतील, असं टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केलं होतं. २०२३ मध्ये त्याच कंपनीने सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. घरून काम कायम राहील या भरवशावर गावी घराचं कर्ज काढू नये.

‘सगळंच घरून, नाहीतर काहीच नाही.’
जिनिंगमध्ये सरकी काढणारा रेचा घरून चालत नाही, पण तिथली बिलं आणि हिशेब चालतात. त्याच चिनी कंपनीत पुढे दीड हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर आठवड्यातून दोन दिवस घरून कामाचा प्रयोग झाला. २०२४ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार कामगिरी घटली नाही, नोकरी सोडणारे मात्र एक तृतीयांशाने कमी झाले. तयार केलेला हिशेबनीस नागपूरला निघून जाण्याची धास्ती असलेल्या मालकाने हा शेवटचा आकडा आधी वाचावा.